हृदयाच्या ग्राहींवरील स्वप्रतिपिंडे : एका अपूर्ण चौकशीची कैफियत

(राजाजीनगर, बंगळूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंतातल्या सायंकाळी एकत्र बसून एखाद्या विषयाचे साधकबाधक विवेचन ऐकावे, ही प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झाली, आणि मराठी माणूस पोटापाण्यासाठी ज्या ज्या मुलखात गेला त्या त्या मुलखात गणेशोत्सवाबरोबर ही प्रथाही तो घेऊन गेला. इतिहास, साहित्य आणि अध्यात्म हे अशा मालेचे नित्याचे विषय होत. आज मात्र चालकांनी मला वैद्यकशास्त्रातील अशा एका प्रश्नावर बोलण्याची मुभा दिली आहे, की ज्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. आणि निकाल लागलेला नाही म्हणूनच तो सर्वसामान्य श्रोत्यांपुढे मांडण्याजोगा आहे, असे माझे नम्र मत आहे. सिद्ध झालेले शास्त्र पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत आपोआप पोचते. परंतु शास्त्र सिद्ध होते कसे, एखाद्या पदार्थावर रोगाचा आरोप ठेवण्यापूर्वी कोणकोणते दाखले रुजू करावे लागतात, हे पाहण्याची संधी चालू चौकशीतच मिळते.

ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, तो ज्या घरात शिरतो त्या घरात त्याचे शास्त्रीय नाव क्वचितच उच्चारले जाते. ‘इको केला, हार्ट मोठं झालंय म्हणाले,’ ‘पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय,’ अशा शब्दांत ती वार्ता नातेवाइकांमध्ये फिरते. निरोगी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही मिनिटाला पाच लिटरांच्या आसपास रक्त पुढे ढकलते. त्याच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्यात, साठलेल्या रक्ताचा जो हिस्सा प्रत्येक ठोक्याला महारोहिणीत फेकला जातो, तो सामान्यतः शेकडा ५५ ते ७० इतका असतो. लोक ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात ते हेच प्रमाण. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या रोगात जवनिकेच्या भिंती शिथिल होतात, कप्पा पसरतो, आणि हे प्रमाण ४०, ३०, कधी २० टक्क्यांपर्यंत खाली येते. जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, आणि रात्री आडवे पडले की जीव गुदमरतो म्हणून उशांवर उशा रचाव्या लागतात. हृदयाच्या रोहिण्या तपासाव्यात तर त्या मोकळ्या असतात. झडपा निर्दोष असतात. रक्तदाबाचा पूर्वेतिहास नसतो. आणि रोगी मात्र बहुधा ऐन उमेदीचा, घरातला कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री असते.

अशा रोग्याच्या कागदावर पुष्कळदा ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. कित्येक कुटुंबे हा शेरा दैवाचा अखेरचा निकाल समजून खचून जातात. तो तसा नाही. ती एका तहकूब चौकशीची नोंद आहे, आणि गेल्या अर्धशतकात त्या चौकशीत जे निरनिराळे संशयित पुढे आले, त्यांपैकी सर्वांत विलक्षण संशयित म्हणजे रोग्याच्या स्वतःच्याच रक्तात, त्याच्या स्वतःच्याच हृदयपेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे. त्यांची आजवरची कैफियत आपणांसमोर ठेवावी, आणि तीतून एकच गोष्ट आपल्या मनावर ठसवावी, एवढाच माझा हेतू आहे. ती गोष्ट अशी की, रक्तात एखादी वस्तू सापडणे आणि तिच्यावर अपराध शाबीत होणे यांत मोठे अंतर आहे; ते अंतर धीराने आणि प्रामाणिकपणे चालणे हेच शास्त्र होय, आणि ते चालून होईपर्यंत हाती असलेल्या खात्रीच्या उपायांची हेळसांड न करणे हे शहाणपण होय.

प्रतिपिंड, ज्याला आता सर्वत्र अँटिबॉडी म्हणतात, ही वस्तू आपणांस संरक्षक म्हणूनच परिचित आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, तेव्हापासून महाराष्ट्राने लशीचा महिमा अनुभवला. आणि परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना अल्प मात्रेत सर्पविष टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून जे प्रतिविष तयार होते, त्याने खेड्यापाड्यांतले किती जीव वाचवले याची गणती करणे कठीण आहे. ते प्रतिविष म्हणजे घोड्याने निर्माण केलेली प्रतिपिंडेच. परक्या पदार्थाचा आकार ओळखावा, त्याला घट्ट धरावे आणि निष्प्रभ करावे, हे त्यांचे विहित कर्म.

परंतु हीच शक्ती स्वतःच्या शरीरावर उलटली तर? जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १९०१ च्या सुमारास बकऱ्यांवर प्रयोग करून पाहिले. एका बकऱ्याच्या अंगी दुसऱ्याचे रक्त टोचले की त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत. स्वतःचे रक्त टोचले तर होत नसत. निसर्गाला आत्मविषबाधेची जणू धास्तीच असते, असा सिद्धांत त्यांनी त्यावरून मांडला. एर्लिख यांचा अधिकार एवढा मोठा की, १९०४ साली डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीने लघवीतून रक्तरंग जाण्याच्या एका रोगात रोग्याचीच प्रतिपिंडे त्याच्याच तांबड्या पेशी फोडतात हे दाखवून दिले, तरीही स्वप्रतिपिंडांची कल्पना पुढची कित्येक दशके वैद्यकाच्या दरबारात उपरीच राहिली.

योगायोग असा की, आजच्या विषयाचा दुसरा धागा, म्हणजे ग्राहीची कल्पना, त्याच काळात जन्मास आली, आणि तिच्या जन्मातही एर्लिख यांचा वाटा होता. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९०५ साली निकोटीन आणि क्युरारे या विषांचे स्नायूंवरील परिणाम तपासून असे अनुमान काढले की, पेशीवर काही विशिष्ट ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे, आणि औषध वा शरीरातील संदेशद्रव्य प्रथम त्यालाच जाऊन भिडत असले पाहिजे. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनच्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग केले. ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी बीटा ग्राहींना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात घडवले, ज्याबद्दल १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आणि लेफ्कोविट्झ व कोबिल्का या गुरुशिष्यांना अशाच ग्राहींच्या घडणीचा उलगडा केल्याबद्दल २०१२ साली तोच मान लाभला. १९०५ मध्ये जे केवळ अनुमान होते, त्याची अणुरेणूंची रचना शंभर वर्षांत डोळ्यांसमोर आली.

हृदयाच्या पेशीवर मुख्यत्वे बीटा-एक जातीचे ग्राही असतात. हा ग्राही म्हणजे प्रथिनाचा एक लांब धागा असून तो पेशीचे आवरण सात वेळा आरपार भेदतो, आणि त्याची काही वळणे आवरणाच्या बाहेर, रक्तद्रवाच्या सान्निध्यात, उघडी राहतात. भय, संताप किंवा श्रम यांच्या प्रसंगी ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये या ग्राहीला भिडतात, पेशीच्या आत कॅल्शियमचा ओघ वाढतो, आणि हृदय जलद व जोराने आकुंचन पावू लागते. उलटपक्षी, मस्कारिनिक-दोन या जातीचे ग्राही व्हेगस नाडीकडून येणारा संयमाचा संदेश स्वीकारून गती मंदावतात. या दोहोंच्या तोलावर हृदयाचा सारा कारभार चालतो.

आता हे दोन धागे एकत्र येतात. प्रतिपिंडाचे काम धरून निष्प्रभ करणे एवढेच, अशी दीर्घकाळ समजूत होती. तिला धक्का बसला १९५६ साली, न्यूझीलंडमधील डनीडिन येथे. ॲडम्स आणि पर्व्हस यांना गलग्रंथीच्या (थायरॉइडच्या) अतिक्रियेने पीडित रोग्यांच्या रक्तात असा एक पदार्थ आढळला की, जो त्या ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करीत राहतो. तो पदार्थ ग्रंथीच्या ग्राहीला चिकटणारे प्रतिपिंड असल्याचे पुढे निष्पन्न झाले. याच्या नेमके उलट उदाहरण मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या रोगाचे. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी १९७३ साली विद्युत-ईल माशाच्या अवयवातून काढलेला ॲसिटिलकोलिनचा ग्राही सशांना टोचला, तेव्हा सशांच्या अंगी त्या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे उपजली आणि ते ससे रोग्यांप्रमाणेच लुळे पडले. म्हणजे एके ठिकाणी प्रतिपिंड ग्राहीला अखंड चेतवते, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला निकामी करते. या दोन्ही व्याधींत निसर्गानेच एक साक्ष पुरवली आहे: अशा मातेचे मूल जन्मतःच त्या व्याधीची लक्षणे दाखवू शकते, आणि वारेतून आलेली मातेची प्रतिपिंडे काही आठवड्यांनी ओसरली की ते मूल बरे होते. याहून स्वच्छ पुरावा कोणता असू शकेल?

हृदयाच्या बाबतीत आरंभ झाला तो काहीशा आडवाटेने. १९८० साली क्रेग व्हेंटर, जे पुढे मानवी जनुकसंचाच्या वाचनामुळे जगविख्यात झाले, त्यांनी क्लेअर फ्रेझर आणि लेनर्ड हॅरिसन यांच्यासह दमा आणि ॲलर्जीच्या काही रोग्यांत बीटा-दोन ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे प्रसिद्ध केले. हा माग हृदयापर्यंत पोचला तो पूर्व बर्लिनमध्ये. तेथील बुख येथील प्रयोगशाळेत गेर्ड वालुकाट हे नवजात उंदरांच्या हृदयपेशी काचेच्या बशीत वाढवीत असत. या पेशी बशीतही आपापल्या लयीने स्पंदन करीत राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे ठोके मोजता येतात. वालुकाट आणि वोलेनबर्गर यांनी १९८७ साली नमूद केले की, दम्याच्या आणि डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या काही रोग्यांच्या रक्तद्रवातील ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश, या बशीत घातले असता बीटा ग्राहींच्या मार्गाने स्पंदनाच्या गतीवर परिणाम होतो. १९८९ साली अमेरिकेत लिमास यांनी या रोगात बीटा ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले. १९९० साली स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील मॅग्नुसन, वागस्टाइन, ह्यालमार्सन प्रभृतींनी या प्रतिपिंडांचे मर्मस्थान ग्राहीच्या बाहेरील दुसऱ्या वळणात असल्याचे निश्चित केले. आणि १९९३ साली त्याच गटातील मायकेल फू यांनी मस्कारिनिक-दोन ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडेही अशा रोग्यांत दाखवून दिली.

या प्रतिपिंडांनी अपाय होतो तो कसा, हे ध्यानी घेण्यास जुन्या दफ्तरातला एक दाखला उपयोगी पडेल. सरकारातून सुटलेला खरा हुकूम मुदतीपुरता असतो. काम झाले की तो रद्द होतो. ॲड्रेनॅलिनचा हुकूम असाच आहे: रक्तातील त्याचे प्रमाण दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते, आणि संकट टळले की हृदय पुन्हा आपल्या संथ गतीवर येते. प्रतिपिंड हा बनावट शिक्क्याचा हुकूम आहे. तो खऱ्या दरबारातून आलेला नसतो, परंतु ग्राहीला तो खराच भासतो. त्याला मुदत नसते, कारण या जातीच्या प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि तोवर नवी प्रतिपिंडे तयार होतच राहतात. शिवाय, ॲड्रेनॅलिनचा मारा वाढला की एरवी ग्राही स्वतःची संवेदना आवरून पेशीचे रक्षण करतो. बर्लिनच्या प्रयोगांत प्रतिपिंडांच्या बाबतीत हा आवर तसा बसताना दिसला नाही. परिणामी निजेतही हृदय तातडीच्या अवस्थेत राबत राहते, पेशींत कॅल्शियम साचत जाते, त्या झिजतात आणि मरतात, आणि त्यांच्या जागी निर्जीव तंतू येतात.

मग हा बनावट हुकूम लिहिला कोणी? येथे आपण अधिक अनिश्चित प्रदेशात शिरतो. तथापि एक दाखला विशेष बोलका आहे. ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ साली एका परजीवीपासून होणारा जो रोग प्रथम वर्णिला, त्यात वर्षानुवर्षांनी हृदयाचा स्नायू निकामी होतो. त्या परजीवीच्या रायबोसोममधील एका प्रथिनाचे टोक आणि आपल्या बीटा-एक ग्राहीचे दुसरे वळण यांत रचनेचे साम्य आहे, असे पुढे आढळून आले. शत्रूला पकडण्यासाठी घडवलेले प्रतिपिंड त्या साम्यामुळे स्वकीयाला धरते. असाच प्रकार आपल्याकडे संधिवाताच्या ज्वरात घडतो: घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर उगारलेले शस्त्र मुलांच्या हृदयाच्या झडपांवर पडते, आणि त्याचे परिणाम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील रुग्णालये पिढ्यान्‌पिढ्या पाहत आली आहेत. दुसरी शक्यता अशी की, कॉक्सॅकीसारख्या विषाणूने प्रथम हृदयपेशी फोडल्या, एरवी झाकलेले पदार्थ उघड्यावर आले, आणि प्रतिकारयंत्रणेने त्यांना परके मानले. अर्थात या दुसऱ्या शक्यतेतूनच एक गंभीर शंका उद्भवते: प्रतिपिंडे रोगाचे कारण आहेत, की रोगाने पेशी फुटल्याचा केवळ परिणाम?

या शंकेचे निवारण करण्याची रीत बफेलो येथील अर्न्स्ट विटेब्स्की यांनी १९५७ साली घालून दिली, आणि नोएल रोझ व बोना यांनी १९९३ साली तिची पुनर्रचना करताना पुराव्याचे प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि परिस्थितिजन्य असे तीन वर्ग केले. या कसोटीला आपला संशयित लावून पाहू.

परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे रोग्यांमध्ये प्रतिपिंडे अधिक प्रमाणात सापडणे. १९९० च्या स्वीडिश पाहणीत ती ३१ टक्के रोग्यांत सापडली, पण १२ टक्के निरोगी माणसांतही सापडली. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील रोलांड यान्स यांनी १९९९ साली अधिक कडक कसोटी लावली: ग्राहीचा केवळ तुकडा न वापरता, मूळ घडणीतला संपूर्ण मानवी ग्राही प्रतिपिंडांना ओळखता येतो का, आणि ओळखल्यावर तो चेतवता येतो का, हे त्यांनी पाहिले. तेव्हा रोग्यांतील प्रमाण सुमारे २६ टक्के राहिले, आणि निरोगी माणसांतील प्रमाण एक टक्क्याच्या आसपास घसरले. कसोटी जितकी नेमकी, तितका खरा आणि खोटा साक्षीदार वेगळा निघतो, हा यातला धडा. तथापि त्याच पाहणीत, ज्यांचे हृदय रोहिण्या तुंबल्यामुळे दुबळे झाले होते अशा १३ टक्के रोग्यांतही ती प्रतिपिंडे होती. म्हणजे ‘परिणाम असावा’ ही शंका पुरती फिटली नाही.

अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष पुराव्याकडे जाणारे सर्वांत महत्त्वाचे पाऊल यान्स, लोहसे आदींनी २००४ साली टाकले. ग्राहीचे दुसरे वळण माणसात आणि उंदरात अगदी एकसारखे असते. त्या वळणाचा तुकडा त्यांनी एका विशिष्ट वाणाच्या उंदरांना महिन्यामहिन्याने टोचला. उंदरांच्या अंगी चेतवणारी प्रतिपिंडे उपजली, आणि कित्येक महिन्यांनी त्यांची हृदये पसरून दुबळी झाली. मग या उंदरांचा रक्तद्रव त्यांनी त्याच वाणाच्या निरोगी उंदरांत वारंवार घातला, तेव्हा तीही हृदये तशीच पसरली. ज्यांनी तो ग्राहीचा तुकडा कधी पाहिलाही नव्हता अशा प्राण्यांत केवळ प्रतिपिंडांच्या संक्रमणाने रोग उत्पन्न झाला, ही साक्ष वजनदार आहे. परंतु ती उंदराची साक्ष आहे, हे विसरून चालणार नाही.

माणसाच्या बाबतीत उरला एकच मार्ग: प्रतिपिंडे काढून टाकावीत आणि हृदय सुधारते का ते पाहावे. रक्तातला द्रव वेगळा करून, प्रतिपिंडांना शोषून घेणाऱ्या नळकांड्यातून फिरवून तो परत शरीरात सोडण्याची ही क्रिया बर्लिन आणि ग्राइफ्सवाल्ड येथील वैद्यांनी १९९० च्या दशकात अंगीकारली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनच्या एका वृत्तांतात १७ रोग्यांवर हा उपचार झाला आणि १७ रोग्यांवर झाला नाही. उपचार झालेल्यांचे पंपिंग वर्षभरात सरासरीने सुमारे २२ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर गेले. हा आकडा ऐकून कोणाही रोग्याच्या नातेवाइकाचे मन उचंबळून येईल. परंतु रोगी थोडे; उपचार कोणाला मिळाला हे सर्वांना ठाऊक; आणि नळकांड्यात एकट्या संशयितालाच नव्हे तर त्या जातीच्या सरसकट प्रतिपिंडांना अटक झालेली.

अशा वेळी सावधगिरी का हवी, हे २००१ च्या एका अमेरिकन चाचणीने दाखवून दिले आहे. नुकताच रोग जडलेल्या ६२ जणांपैकी काहींना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे गोळा केलेली प्रतिपिंडे, देण्यात आले आणि काहींना औषधाचा नुसता आभास. सर्व रोग्यांचे मिळून पंपिंग सहा महिन्यांत सरासरी २५ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांपर्यंत चढले. आणि ही वाढ औषध मिळालेल्यांत जेवढी, तेवढीच औषधाचा आभास मिळालेल्यांतही होती! नेहमीच्या औषधांनी आणि निसर्गाने त्यांना सावरले होते. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर एका महागड्या औषधाचा जयजयकार झाला असता. म्हणून तुलनेचा गट ही शास्त्राची सनद आहे. ती नसलेल्या दाव्याला, तो कितीही हृद्य असो, मान देता कामा नये.

तथापि निराशेचेही कारण नाही. इटलीत फ्रुस्टाची यांनी हृदयाच्या स्नायूचा कण काढून ज्यांत विषाणूचा मागमूस नव्हता असे ८५ रोगी निवडले आणि त्यांतील काहींना प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे दिली. २००९ च्या वृत्तांतानुसार औषध मिळालेल्यांपैकी ८८ टक्के सुधारले. याउलट १९९५ च्या अमेरिकेतील चाचणीत, रोग्यांची अशी निवड न करता १११ जणांवर तशाच तऱ्हेचा उपचार झाला, तेव्हा लाभ दिसला नव्हता. दोन्ही एकत्र ठेवून पाहिली की एक तत्त्व निष्पन्न होते: ‘कारण अज्ञात’ या एकाच बासनात अनेक भिन्न रोग बांधलेले आहेत, आणि ते बासन सोडून प्रत्येक कागद वेगळा केल्याशिवाय कोणत्याही एका औषधाला न्याय मिळणार नाही.

त्या बासनातून भारताने स्वतःही एक मोठा कागद बाहेर काढला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील थंगराज, दंडपाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेला एक बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत असतो आणि तो हृत्स्नायुविकाराशी निगडित आहे. या बदलाचा मागोवा घेणारे संशोधन आपल्या या बंगळूर शहरातील इन्स्टेम या संस्थेतही चालले आहे. म्हणून एका घरात असा रोगी निघाला, तर त्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनी एकदा इको करून घ्यावा, असा वैद्यांचा आग्रह असतो. तो अवास्तव नाही. मद्य, काही कर्करोगविरोधी औषधे आणि गर्भारपण हे त्याच बासनातले आणखी कागद.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी मला सर्वांत अधिक कळकळीने सांगायची आहे. ग्राहींवरील हा बनावट हुकूम खरा अपराधी ठरो वा न ठरो, ग्राहीच अडवून धरण्याचे साधन आपल्या हाती आधीच आहे. ॲड्रेनॅलिनच्या साम्राज्याला आवर घालण्याच्या इतिहासात मुंबईचे नावही कोरलेले आहे: केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण साधार मांडला, आणि त्या वनस्पतीतील रिसर्पिन हे द्रव्य नाडीतंतूंतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठाच रिता करते, हे पुढे कळून आले. बीटा ग्राही अडवणारी औषधे मात्र दुबळ्या हृदयाला विषासमान मानली जात. आधीच मंद झालेल्या हृदयाला आणखी मंद कसे करावे, असा तो युक्तिवाद होता. गॉथेनबर्गच्या वागस्टाइन यांनी १९७५ साली अवघ्या सात रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करून त्या मताला छेद दिला. त्यांच्यावर अविश्वास दाखवणारे पुष्कळ होते; पण १९९६ ते १९९९ या काळात कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्या मोठमोठ्या चाचण्यांनी ही औषधे आयुष्य वाढवतात हे निर्विवाद ठरवले. ज्या वागस्टाइन यांनी ही औषधे वापरून पाहिली, त्यांचेच नाव १९९० च्या प्रतिपिंडांच्या शोधातही आहे, ही संगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

आज बीटा ग्राही अडवणारे औषध हे चार प्रमुख औषधवर्गांपैकी एक आहे. ती चारही एकत्र घेणाऱ्या कित्येक रोग्यांचे पंपिंग वाढते आणि दम कमी होतो. परंतु ती रोग्यांपर्यंत पोचतात का? तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली हृदयदौर्बल्याने दाखल झालेल्या १२०५ रोग्यांची नोंदवही ठेवण्यात आली. रुग्णालयातून घरी जाताना, ज्यांचे पंपिंग कमी होते त्यांपैकी केवळ चौथा हिस्सा लोकांना शास्त्रसंमत औषधे पूर्णपणे मिळाली होती; आणि वर्षभरात एकूण रोग्यांपैकी सुमारे ३१ टक्के दगावले. हा आकडा वाचून मनाला फार क्लेश होतात. कारण हे मृत्यू केवळ अज्ञात कारणांचे नव्हेत. ज्ञात उपाय न पोचल्याचेही त्यांत आहेत.

राजाजीनगर ही स्वातंत्र्यानंतर उद्योगधंद्यांच्या आश्रयाने वाढलेली वस्ती आहे, आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली चालणारे मोठे रुग्णालय येथे उभे आहे. कारखान्यातल्या श्रमिकाला आजारपणात औषधपाणी हक्काने मिळावे, या तत्त्वावर तो कायदा रचला गेला. त्या तत्त्वाला अनुसरून मी येथे जमलेल्या सर्वांना तीन विनंत्या करतो. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी, दम कमी झाला, सूज उतरली, म्हणून गोळ्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. ही औषधे अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायची असतात, आणि त्यांचा गुण महिन्यांच्या हिशेबाने येतो. दुसरे, प्रतिपिंडांची तपासणी करून त्यांवर खात्रीचा इलाज करून देतो असे कोणी सांगितले, तर तुलनेच्या गटाची चाचणी झाली आहे का आणि तिचा निष्कर्ष काय, एवढे दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत. आणि तिसरे, एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला, तर रीतसर संमतीपत्र वाचून, समजून घेऊन, तो द्यावा. कारण या चौकशीत आजवर रुजू झालेले बहुतेक दाखले युरोपातील, अमेरिकेतील आणि जपानमधील रोग्यांचे आहेत, आणि आपल्या लोकांची जबानी त्या दफ्तरात आली पाहिजे.

स्वप्रतिपिंडे या रोगाच्या काही रोग्यांत खरी अपराधी आहेत असे मला स्वतःला वाटते. उंदरांवरील प्रयोगांचा पुरावा मला पटतो. परंतु माझे वाटणे हा पुरावा नव्हे. कोणत्या रोग्यात ती अपराधी आहेत आणि कोणत्या रोग्यात केवळ बघे, हे वेगळे करून सांगणारी खात्रीची तपासणी, आणि तीवर आधारलेली, तुलनेच्या गटासह केलेली मोठी चाचणी, या दोन गोष्टी पुऱ्या झाल्या म्हणजे ही कैफियत निकालास लागेल. तोवर ‘कारण अज्ञात’ असा शेरा मिळालेल्या माणसाला आपण एवढे निश्चित सांगू शकतो, की त्याच्या रोगाचे कारण शोधण्याचे काम चालू आहे आणि त्याच्या रोगावरचे औषध मात्र आजच उपलब्ध आहे. ते त्याच्या हाती वेळेवर आणि पुरेसे पडेल, हे पाहण्याची जबाबदारी वैद्य, शासन आणि कुटुंब या तिघांची आहे.